मधली रेघ

सेगावाबाईंनी काचेवर फुंकर मारली.

मारली आणि करंगळीच्या बाजूने हात फिरवून काच झाडलीसुद्धा. आत्ताच त्यांनी पेन उलटं धरून चित्रातल्या मुलीची हनुवटी खोडली होती. खोडलं की रबराचा चुरा होणार आणि चुरा झाला की तो उडवायचा, एवढं गणित त्यांच्या हाताने त्यांना न विचारताच करून टाकलं. चुरा अर्थात नव्हताच. ती पाटी होती. विजेवर चालणारी, वहीएवढी, पिशवीत टाकून कुठेही नेता येईल अशी. तिच्यावर कागदावरच्यासारखं चित्र काढता यावं म्हणून तोकोरोझावातल्या या लहानशा कंपनीने सहा वर्षं घालवली होती. आपण काय केलं ते ध्यानात आल्यावर बाई स्वतःच तोंडावर हात ठेवून हसल्या. पंचाहत्तरी उलटलेली बाई अशी शाळकरी पोरीसारखी लाजली की समोरच्याला कुठे बघावं कळत नाही.

"झालं!" कुरिबायाशीसाहेबांनी टेबलावर थाप मारली. पाटी हे त्यांचंच खूळ. त्याआधी उभा जन्म त्यांनी दुकानोदुकानी टाकाचे निब विकण्यात घालवला होता. "अहो बाई, या एका फुंकरीसाठी आम्ही जीव टाकला होता! हिगाकी, बघितलंस ना? आता आणखी कुणाला विचारायचं राहिलंय?"

हिगाकी सानाएने बघितलं होतं, पण फुंकर नव्हे. ती बाईंच्या मागे उभी होती आणि तिची नजर काचेवर नव्हती, हातावर होती. पेन धरलेला तो हात थरथरत होता. मनगटापासून निघालेली बारीक, न थांबणारी थरथर बोटांपर्यंत येत होती, पेनाचं वरचं टोक हवेत लकलकत होतं, आणि खाली काचेवर मुलीच्या गालाची रेघ मात्र तेल ओतावं तशी संथ उतरत होती. सानाएला ते बघवेना. खरं तर आनंद व्हायला हवा होता, कारण त्या दोहोंच्या मध्ये जे होतं ते तिने बनवलेलं होतं.

त्याला कारखान्यात सगळे टेकू म्हणत. पहिली दोन-तीन वर्षं रेघ पेनामागे रेंगाळू नये यातच गेली. टोक पुढे आणि शाई मागे, मालकामागे कुत्रं यावं तशी, असं दुसऱ्यांच्या यंत्रांत व्हायचं, आणि ते इथे अजिबात चालणार नाही हे सानाएने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते साधलं. मग नवीनच घोडं अडलं. पाटी हातात धरून काढायची. माणसं ती फलाटावर उभ्याने काढणार, बसमध्ये मांडीवर ठेवून काढणार, म्हणजे हात हलणार. आता जितकी पाटी इमानदार, तितके रेघेत हेलकावे जास्त. म्हणून टेकू. हात कुठे निघालाय त्याचा तो वाटेतच अंदाज बांधायचा, हेलकावे गिळून टाकायचा, आणि हाताच्या मनात असेल ती रेघ उमटवायचा. त्याला बटण नव्हतं. सानाएने एकदा सुचवून पाहिलं होतं, तर कुरिबायाशीसाहेब म्हणाले होते, "बटण ठेवलं की लोक विचारणार, हे कशाचं? चांगला वाढपी कधी डोळ्यांत भरतो का?" ते तिला पटलंही होतं. आज मान्यतेच्या कागदावर सगळ्यांचे सहीचे शिक्के उमटले होते, तिचा तेवढा राहिला होता, आणि तो संध्याकाळपर्यंत उमटला की माल बनायला सुरुवात होणार होती.

जेवणाचे डबे आले. नोव्हेंबरातलं ऊन खिडकीतून टेबलापर्यंत येत होतं आणि बाहेर शेजारच्या आवारात पर्सिमनचं झाड केशरी फळांनी नुसतं लगडलेलं होतं. सेगावाबाईंनी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी चहा काठाशी हिंदकळला. त्यांनी तो झटकन खाली ठेवला आणि सानाएची नजर पकडली.

"बघितलंस ना? चहाला अजून थरथरतो मेला," त्या कुजबुजल्या. बोलण्यात कुरकुर नव्हती, उलट काहीतरी गुपित सांगावं तसा आनंद होता. "पण रेघेला नाही! सकाळपासून बघतेय. खरं सांगू, तुमचं बोलावणं आलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. म्हटलं, कशाला हात दाखवून अवलक्षण करायचं? दोन वर्षं पेन्सिल धरली नव्हती. परवा नगरपालिकेत सहीऐवजी साधा नावाचा शिक्का मारायचा तर तोही तिरका उठला. तो कारकून म्हणतो, आजी, मी मारू का?"

"मग?" सानाएने विचारलं.

"मग काय, डॉक्टरांनी गेल्या महिन्यात गोळी बदलली. म्हणाले, लागू पडेलच असं नाही. पडली की गं! चहाला नाही पडली, कामाला पडली. हाताला काम कळतं पोरी. तो उगाच थरथरत नाही कामाच्या वेळी." असं म्हणून त्यांनी डब्यातलं उमेबोशी, मिठात मुरवलेलं आंबट आलुबुखार, उचलून तोंडात टाकलं आणि डोळे बारीक केले.

सानाएने मान हलवली. हलवायला नको होती, पण अशा वेळी मान आपसूक हलते. समोरचं वडील माणूस आनंदात असलं की ती पाळण्यासारखी हलतच राहते. तिच्या मनात आलं, आत्ता सांगावं. बाई, गोळीने नाही, मी केलंय ते. पण असं सांगणाऱ्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते तिला दिसेना. सेगावा इकुए हे नाव तिने पहिल्यांदा ऐकलं ते कुरिबायाशीसाहेबांकडूनच. चाळीस वर्षं ओइझुमीतल्या एका चलचित्रांच्या कंपनीत खालून उजेड येणाऱ्या टेबलाशी बसून या बाईने मधली चित्रं काढली होती. मोठा चित्रकार दोन चित्रं काढायचा, हात खाली आणि हात वर. तो खालून वर जाताना वाटेत जिथे जिथे असेल ते सगळे हात काढणारी माणसं वेगळी. त्यांच्यातली ही एक. मधल्या चित्रांचा कायदा असा, की रेघ कुणाची आहे ते कळता कामा नये. कळली तर पडद्यावर चेहरा हलताना थरथरतो. म्हणून पहिलं वर्षभर माणसाची रेघ घासून घासून पुसून टाकायचे, आणि ज्याची पुरती पुसली जायची तो उत्तम कारागीर. सेगावाबाईंची इतकी पुसली गेली होती, की निब विकायला गेलेले तरुण कुरिबायाशी त्यांच्यामागे उभे राहून तासभर नुसते बघत राहिले होते, आणि विक्री करायची विसरून परत आले होते. हे ते अजून सांगतात, आणि दर वेळी त्या तासाचे दोन तास होतात.

तासभर बघण्यासारखं काय होतं ते सकाळी सानाएला कळलं होतं. टोक काचेला लागायच्या आधी बाईंचा हात हवेतच एकदा ती रेघ काढून घेत असे, खांद्यापासून, श्वास रोखून, आणि मग खाली येत असे. त्या मुलीचं तोंड त्या काढत होत्या तेव्हा त्यांचं स्वतःचं तोंड त्या मुलीसारखं किंचित उघडं राहत होतं. थरथरणाऱ्या हातामागे एक अजिबात न थरथरणारं काहीतरी होतं. ते नक्की कुठे असतं, खांद्यात की डोळ्यांत की आणखी कुठे, हे सहा वर्षं रेघा मोजूनही सानाएला माहीत नव्हतं. तिला एकदम त्या बाईंच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तिने ठेवला नाही, पण माणसाला असं वाटून जातं खरं.

जेवण आटोपून सेगावाबाई आपल्या जुन्या कंपनीत फोन करायला बाहेर पॅसेजमध्ये गेल्या. दार लोटलेलं राहिलं होतं. त्यांना कमी ऐकू येत असल्याने त्या मोठ्याने बोलत, आणि डबे आवरणाऱ्या सानाएला कान बंद करता येईनात. "तोकुमारू, मी बोलतेय रे. इकुएमावशी. हो. तू म्हणत होतास ना, म्हाताऱ्या दिग्दर्शकाचं शेवटचं चलचित्र, जुनी माणसं हवीत, कागदावरचं काम... हो, तेच. ती बाई पोराला पाठीवर घेते तो तुकडा. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी करते. अरे नाही, अगदी ठणठणीत! आज सकाळभर काढतेय, हवं तर येऊन बघ. सोमवारी पाठव कागद." मग थोडा वेळ नुसतं हसणं. मग, "रडतोस काय गाढवा, मी मेले नाही अजून."

सानाएच्या हातातला डबा तसाच राहिला. कागद येणार होते. कागदाखाली टेकू नसतो. सोमवारी ही बाई उजेडाच्या टेबलाशी बसणार, पहिली रेघ ओढणार, आणि आजूबाजूची पोरं, जी तिला मावशी म्हणतात, ती मान वळवून दुसरीकडे बघणार. त्या मान वळवण्याने माणूस मरतो. आणि एवढं होऊनही बाईंना कळणार नाही की आजच्या शुक्रवारात आणि सोमवारात फरक काय पडला. त्या गोळी वाढवून घेतील, बिचाऱ्या.

तिला लहानपणीची, चिचिबू गावातली ओचिआईबाईंची शिकवणी आठवली. आठवायचं कारण सरळ होतं, पण ते कारण तिने बरीच वर्षं स्वतःपासून लपवलेलं होतं. आठवड्यातून एकदा सगळी मुलं गुडघ्यांवर बसून ब्रशाने अक्षरं गिरवायची. सानाएचा हात जड. तिची उभी रेघ नेहमी मध्येच वाकायची. शाळेच्या प्रदर्शनाच्या आधी ओचिआईबाई तिच्या मागे येऊन बसल्या, त्यांच्या कपड्यांना कापराचा वास होता, आणि त्यांनी आपल्या कोरड्या गरम मुठीत तिची मूठ घेतली. बोलल्या काहीच नाहीत. ब्रश टेकला, दाबला, निघाला. थांब. उचल. सोडून दे. तिच्याच हातातून असं अक्षर उतरलं की तिचे डोळे विस्फारले. आपण केलं, असं तिला खरंच वाटलं होतं. तेवढ्या क्षणापुरतं का होईना, पण वाटलं होतं, आणि तसं सुख तिला पुढे फार कमी वेळा मिळालं. मग ते अक्षर शाळेच्या भिंतीवर लागलं, कोपऱ्याला सोनेरी पट्टी चिकटवून. आईने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला नेऊन दाखवलं. सानाए त्या भिंतीसमोरून जाताना खाली बघून जायची. पुढच्या आठवड्यात ती एकटी लिहायला बसली तेव्हा उभी रेघ मध्येच वाकली, पहिल्यापेक्षा जास्त वाकली, आणि तिने ब्रश धुऊन ठेवला तो कायमचा. पण हात धरणं वाईट होतं असं तिला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नव्हतं. ओचिआईबाईंचा हात मायेचा होता. टेकूही मायेनेच केला होता. ज्यांचे हात जड असतात त्यांच्यामागे गुपचूप जाऊन बसणारं कुणीतरी असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

दुपारी सेगावाबाई परत बसल्या त्या पदर खोचून कामाला लागावं तशा. "आता जरा खरं काम करू द्या," त्या म्हणाल्या. "मुलीचं तोंड इकडे आणि तोंड तिकडे. मधली चित्रं मी भरते." पहिलं काढलं, शेवटचं काढलं, आणि मग मधली भरू लागल्या. खोलीत काचेवर पेन घासल्याचा आवाज तेवढा राहिला, कागदासारखा खरखरीत, त्या आवाजासाठीच काचेवरचा पापुद्रा किती वेळा बदलला होता. कुरिबायाशीसाहेब हाताची घडी घालून, डोळे मिटून तो आवाज ऐकत होते, जसं काही कुणी गात होतं. सगळी चित्रं झाल्यावर बाईंनी ती एकामागून एक भराभर उलटून पाहिली. मुलीने मान वळवली. सानाएने हजारदा पाहिलेली साधी गोष्ट, पण मुलीने मान वळवली आणि वळवताना तिला काहीतरी आठवलं असं दिसलं. बाईंच्या डोक्यात ते कधी आलं असेल, त्या मधल्या कुठल्या चित्रात घातलं असेल, काही कळत नव्हतं.

बाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली.

"हे मोठं करता येतं का गं? इथे, केसांच्या टोकाशी."

सानाएने मोठं करून दिलं. बाई वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी दुसऱ्या चित्रातलं टोक पाहिलं, मग तिसऱ्यातलं.

"ही रेघ शिकवणीला गेलेली आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे?" कुरिबायाशीसाहेबांनी डोळे उघडले.

"शेवटाला बघा. निमुळती होऊन सुटते. ब्रशाने लिहायला शिकवतात ना लहानपणी, उचल आणि सोडून दे, तशी. आमच्याकडे पहिल्या वर्षी हीच खोड मोडायला लावत. रेघ जिथे संपते तिथे संपली पाहिजे, शेपूट नको. मी मोडली होती हो." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "दोन वर्षं बसून होता तर जुन्या चाळ्यांवर गेला वाटतं. थांबा, करते नीट."

सानाएला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं, आणि इतकी वर्षं कसं दिसलं नाही याचं तिला हसू यावं की रडू, कळेना. टेकूला रेघ शिकवायची म्हणून त्यांनी कारखान्यातल्याच माणसांकडून रेघा काढून घेतल्या होत्या. हिशेब ठेवणाऱ्यांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांनी हौसेने काढल्या. आणि यातला प्रत्येक माणूस लहानपणी कुठल्या ना कुठल्या ओचिआईबाईंच्या समोर गुडघ्यांवर बसलेला. सगळ्यांच्या रेघा शेवटाला सुटत होत्या. टेकू शिकला, की रेघ संपायला आली की तिला शेपूट द्यायचं असतं. मग ती रेघ त्याच माणसांनी तपासली आणि त्यांना ती अगदी स्वाभाविक वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि इथे तर अख्खी इमारतच दिव्याखाली बसली होती.

बाईंनी पुन्हा रेघ ओढली. शेवटाला जाणूनबुजून दाबून, ठामपणे थांबल्या. टेकूने शेपूट लावलं. "छट्," त्या म्हणाल्या. पुन्हा ओढली. पुन्हा शेपूट. "अहो, असं काय करतोय हा?" त्या हाताशीच बोलू लागल्या. "थांब म्हटलं की थांबायचं. मूर्ख कुठला." त्यांनी डाव्या हाताने उजव्या मनगटावर चापट मारली, हलकीच, खोडकर पोराला मारतात तशी, आणि हसल्या. पण पुढच्या रेघेनंतर हसल्या नाहीत. त्यांची मान लाल झाली होती. "सोमवारी काम घेतलंय मी," त्या कुणालाच उद्देशून नव्हे अशा बोलल्या. "म्हाताऱ्याचं शेवटचं. हे असं चालायचं नाही." आणि पुन्हा ओढली.

कुरिबायाशीसाहेबांनी सानाएकडे पाहून मान अगदी किंचित हलवली. त्यांच्याही ध्यानात आलं होतं. चूक कशामुळे झाली ते नसेल आलं, पण चूक कुणाची आहे ते आलं होतं. त्या मान हलवण्याचा अर्थ सरळ होता. पाहुण्या बाईंना चहा द्या, गाडीपर्यंत पोचवा, शेपटाचं मागाहून बघू. इथे असंच करतात, आणि त्यात दुष्टपणा काहीच नसतो. सानाएनेही आजवर असंच केलं होतं. पण काचेजवळ एक म्हातारं माणूस स्वतःच्या हाताला मूर्ख म्हणत होतं. ज्या हाताने सांगितलेलं सगळं बरोबर केलं होतं, त्या हाताला. हे उभं राहून बघणं तिला जमेना.

"बाई," ती म्हणाली. "हाताला बोलू नका. तो थांबतोय. तुम्ही सांगाल तिथे थांबतोय. पाटी थांबत नाहीये."

"हिगाकी," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, आता बोलू द्या." तिचे कान तापले होते. "बाई, काचेवर दिसते ती रेघ तुमची नाही. म्हणजे निघते तुमच्या हातातूनच, पण वाटेत आम्ही ती नीट करतो. हात हलला तर ते हलणं काढून टाकतो. शेपूटही आम्हीच लावतो. सकाळपासून तसंच चाललंय. गोळीने... गोळीचं मला माहीत नाही. पण रेघ जी सरळ आली, ती मी आणली. मला जेवतानाच सांगायला हवं होतं. तुम्ही फोन करायच्या आधी."

सेगावाबाईंनी पेन खाली ठेवलं नाही. बाहेर कुणीतरी काठीने पर्सिमनची फळं पाडत होतं, ती पडल्याचे धप्प आवाज येत होते.

"काढता येतं ते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"येतं. बटण नाही, पण मला काढता येतं."

"काढ मग."

सानाए आपल्या टेबलाशी गेली. आज्ञा टंकताना तिचीच बोटं दोनदा चुकली. ती परत आली आणि पाटी तिने बाईंसमोर सरकवली. साहेब खुर्चीत खचून बसले होते आणि त्यांचा चेहरा एकदम निब विकायला दारात उभ्या असलेल्या माणसाचा झाला होता.

बाईंनी हवेत एकदा रेघ काढली, आणि टोक टेकलं. रेघ निघाली ती दातेरी पानाच्या कडेसारखी. गालावरून उतरताना ती थरथरली, हनुवटीशी अडखळली, सावरली, पुन्हा थरथरली. शेवटाला बाईंनी दाबून थांबवली तशी मात्र ती थांबली. शेपूट नाही. बाईंनी मग सगळी मुलगी काढली, घाई न करता. झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकात एक धरले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"असा झालाय तर," त्या म्हणाल्या.

"माफ करा बाई," सानाए म्हणाली.

"तू कशाला? तू नाही थरथरवलास." मग नाक ओढून त्या म्हणाल्या, "ते जे काय मध्ये बसवलंय, काय म्हणता त्याला?"

"टेकू."

"टेकू कसला! मधली चित्रं काढणारी बाई आहे ती. इथून निघाले, तिथे पोचायचंय, वाटेतलं सगळं तिने भरलं, आणि आपण आहोत हे कळू दिलं नाही. मी सकाळभर ओळखलं नाही तिला. मी!" त्यांच्या स्वरात खरंच कौतुक होतं, एका कारागिराने दुसऱ्याचं करावं तसं. "फार छान केलंयस पोरी. शेपूट मोड तिचं, बाकी छान आहे. पण एक सांगते. आमची नावं चलचित्राच्या शेवटी येतात. बारीक येतात, भराभर जातात, कुणी वाचत नाही, पण येतात. तिचं नाव दिसलं पाहिजे. ज्याला ती हवी त्याने बोलवावी. न बोलावता माझ्या हातात येऊन बसायचं नाही."

कुरिबायाशीसाहेब घसा खाकरून म्हणाले, "खोकी छापून झालीत." कुणी काही बोललं नाही. "'न थरथरणारी रेघ' म्हणून मोठ्या अक्षरात छापलंय." तरी कुणी काही बोललं नाही. "पुन्हा छापू," ते म्हणाले आणि त्यांनी मान्यतेचा कागद घडी करून खिशात घातला. "बटण बाहेरच्या अंगाला ठेव, हिगाकी. अंगठ्याला लागेल असं. आणि सुरुवातीला बंदच असू दे."

मग सेगावाबाईंनी तोकुमारूला फोन लावला. या वेळी पॅसेजमध्ये गेल्या नाहीत, तिथेच लावला. सानाए उठून जाऊ लागली तर त्यांनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. "मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "कागद पाठवू नकोस. नाही जमायचं. हात थरथरतो माझा." एवढं वाक्य त्यांनी दोन वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं, त्या जरा थांबल्या, शब्द तोंडात कसे लागतात ते बघत असल्यासारख्या. "थरथरतो रे. चहालाही आणि रेघेलाही. तो तुकडा त्या सातोमीला दे, तिची रेघ पुसली गेलीय चांगली. नाही, मी बरी आहे. कामात आहे, ठेव आता."

त्यांनी फोन ठेवला आणि मघाचं चित्र पुन्हा जवळ ओढलं. मान तिरकी करून, लांब धरून, जवळ धरून बघितलं.

"गंमत बघ," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं काढलं. पडद्यावर बघायला बसायचे तेव्हा आई विचारायची, यातलं तुझं कुठलं? मलाही सांगता यायचं नाही. तेच तर कसब होतं. आणि हे..." त्यांनी बोट त्या दातेरी गालावर ठेवलं. "हे कुणीही ओळखेल. ही सेगावा इकुएची रेघ आहे. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही."

सानाएने वाकून रेघ पाहिली, नेहमी पाहायची तशी, अगदी जवळून. हाताने जे जे केलं होतं ते सगळं तिथे होतं, मनगटाचा झोका, बोटांची बारीक थरथर, श्वास सोडल्यावरचा तो लहानसा धक्का. काही मागे रेंगाळलं नव्हतं, काही गळलं नव्हतं. टेकूच्या नादात ती विसरूनच गेली होती की त्याआधीच्या त्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय बनवलं होतं. डोळे भरून आले तरी ती बघतच राहिली.

"दुसरं पान दे," सेगावाबाई म्हणाल्या.

तिने दिलं. बाईंनी डावा हात टेबलावर पालथा ठेवला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तो काढायला घेतला. दोन्ही हात थरथरत होते, काढणारा आणि स्वतःचं चित्र काढून घेणारा, आणि पाटीने त्यातली एकही थरथर वाया जाऊ दिली नाही.